हिरव्या रेघांचा माणूस

क्रेनला हाताने खुणा करणं हे काही खायचं काम नाही. वर केबिनमध्ये बसलेल्या चालकाला खालचं दिसत नाही. खुणा देणाऱ्याचे हात हेच त्याचे डोळे. तिच्या बाबांनी गोदीत तीस वर्षं तेच केलं. डाव्या हाताची दोन बोटं हुकात गेली, पण त्यांच्या पाळीत दुसऱ्या कुणाला साधं खरचटलंही नाही. ते वारल्यावर तिने त्यांच्या जागेसाठी अर्ज केला आणि परीक्षेत दोनदा आपटली. आज तिसरी खेप, आणि शेवटची.

परीक्षा यंत्रापुढे. भर दुपारी काळे पडदे ओढलेली खोली, समोर मोठी स्क्रीन, वर सेन्सर. आपण हात हलवला की स्क्रीनवरचा हिरव्या रेघांचा माणूस तस्साच हलवतो, आणि त्याच्या खुणेवर चित्रातली क्रेन चालते.

"मध्येच एखादा कामगार ओझ्याखाली येईल," काचेपलीकडून मास्तर म्हणाले. "कधी, ते यंत्र ठरवतं, मलाही ठाऊक नसतं. दोन्ही वेळा तू उशिरा थांबवलंस. आज तसं नको."

"हो, मास्तर." तिने उजवा हात उंच करून एक बोट गोल फिरवलं.

ओझं वर गेलं, डावीकडे वळलं. आणि तिला वास आला... ओल्या दोरखंडाचा, वंगणाचा. त्या बंद, झाडूनपुसून ठेवलेल्या खोलीत! स्क्रीनवर तिच्या रेघांमागे आणखी एक माणूस उभा होता. उंच, डावा खांदा जरा उतरलेला.

तिने गर्रकन मागे पाहिलं. कुणी नव्हतं. यंत्राचा पंखा तेवढा घरघरत होता.

"लक्ष कुठंय? खाली घे ना!"

तिने हात उचलला. तेवढ्यात स्क्रीनवरच्या त्या मागच्या माणसाने दोन्ही हात आडवे पसरले. थांब. लहानपणी रस्ता ओलांडताना बाबा तिच्यापुढे असेच हात पसरायचे. तिनेही पसरले.

"अगं, थांबवलंस कशाला? खाली कुणी..."

मास्तरांचं वाक्य अर्धंच राहिलं. चित्रातला कामगार ओझ्याखालून खुशाल चालत गेला.

मास्तर कागद घेऊन बाहेर आले. "पास झालीस, पोरी! पण तो यायच्या तीन सेकंद आधी थांबवलंस. तुला कळलं कसं?"

तिला रडू आणि हसू एकदमच फुटलं.

"यंत्र मात्र खुळावलंय, बघ," मास्तर डोकं खाजवत म्हणाले. कागदाच्या तळाशी छापलं होतं: माणसं, दोन. हातांची बोटं, अठरा. "काढून टाकू का ही ओळ?"

"असू द्या, मास्तर."

दाराशी जाऊन तिने एकदा वळून पाहिलं. सेन्सरसमोर आता कुणीच नव्हतं. स्क्रीनवर मात्र हिरव्या रेघांचा तो उंच माणूस उजवा हात उंच करून एक बोट सावकाश गोल फिरवत होता. वर घे... वर घे...