पाठीमागची चप्पल

मिस्त्री बूट घ्यायला गेले ते काही हौसेने नव्हे. डॉक्टरांनी हृदयात दोन स्टेंट बसवले, तीन महिने घरी बसवून ठेवलं आणि मग सांगितलं, "आता आधी चाला, मग हळूहळू पळा. जगायचं असेल तर आळस सोडा."

मिस्त्रींना जगायचं होतं. तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेली, नखांतलं तेल अजून निघालेलं नाही. अंधाऱ्या खड्ड्यात एकट्याने उतरायची सवय. भ्यायचा स्वभावच नव्हता.

बुटांची पिशवी मुलीने उघडून पाहिली. ती शाळेत शिकवायची, वडिलांजवळच राहायची आणि त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची.

"छान आहेत," ती म्हणाली. "तुमच्या छातीत कळ आली तेव्हा अख्खी इमारत पळाली. आता तुम्ही पळा."

टोमणा कुठून आला ते मिस्त्रींना ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी बायकोने छातीवर हात दाबून धरला होता. "गॅस असेल. जरा पड," असं म्हणून मिस्त्री कामावर निघून गेले. संध्याकाळी परतले तेव्हा दारात परक्या चपलांची गर्दी होती.

पळायला त्यांनी पाणीपुरवठ्याच्या मोठ्या टाक्यांमागचा रस्ता निवडला. एका बाजूला उंच, शेवाळलेली भिंत, दुसऱ्या बाजूला ओसाड माळ. मध्ये सरळसोट रस्ता, कुणाला लपायलासुद्धा जागा नाही. पहिले दोन आठवडे नुसतं चालणं झालं. शेजारी म्हणाले, "काय मिस्त्री, लिफ्ट बंद पडली वाटतं?" मिस्त्री हसले.

तिसऱ्या आठवड्यात ते पहिल्यांदा पळाले, आणि भिंतीच्या मध्यावर पाठीमागून आवाज आला.

फट्... सर्र... फट्... सर्र...

पट्टा सैल झालेली चप्पल घासत चालल्याचा आवाज. त्यामागे धाप, आणि प्रत्येक श्वासाच्या शेवटी बारीकशी शीळ. मिस्त्रींच्या मानेवर काटा आला. ही धाप त्यांनी जन्मभर ऐकली होती. बाजारात, दवाखान्यात, लग्नाकार्यात ते कायम पुढे असत आणि बायको मागून म्हणत असे, "अहो, जरा हळू..." मान न वळवता ते म्हणत, "पाय उचल."

आज त्यांनी मान वळवली. ऊन चांगलं वर आलं होतं. रस्ता पार टोकापर्यंत मोकळा. फक्त कापराच्या मलमाचा वास... ती रात्री छातीला चोळायची, त्या मलमाचा.

टाक्यांच्या फाटकावरच्या रखवालदाराने त्यांना थांबवलं. "मिस्त्री, राग नका मानू. पण बाईंना एवढं मागे टाकून येऊ नये हो. तिकडे दगडावर बसल्या होत्या. मी पाणी विचारलं, तर म्हणाल्या... नको, ते पुढे जातील."

रखवालदार महिन्यापूर्वीच कामाला लागला होता. मिस्त्रींच्या बायकोला त्याने जन्मात पाहिलेलं नव्हतं.

मिस्त्रींनी रस्ता बदलला, शाळेच्या मैदानावर जाऊन पाहिलं. चप्पल तिथेही आली. पळणं सोडावं तर जिवाची भीती. तपासणीत डॉक्टर खूश झाले, "झकास! हृदय पंधरा वर्षांनी तरुण झालंय." मुलगी शेजारीच बसली होती. "चांगलंय," एवढंच म्हणून तिने फाइल मिटली.

मिस्त्रींचा दम वाढत गेला तशी चप्पल जवळ येत गेली. आधी दहा पावलांवर, मग पाच. एका सकाळी तर ती शीळ त्यांच्या कानामागेच वाजली. तेव्हा ते परत भिंतीच्याच रस्त्यावर होते. ते थांबले. वळायची हिंमत झाली नाही. संसारात एकदाही जे विचारलं नव्हतं, ते त्यांनी विचारलं.

"दुखतंय का गं... फार?"

मग अगदी कानाशी, समजुतीच्या सुरात...

"छे... गॅस असेल."

घरी येऊन त्यांनी मुलीला सगळं सांगितलं. वह्या तपासता तपासता तिने ऐकून घेतलं. लाल पेन बाजूला ठेवलं.

"माझ्या स्वप्नातसुद्धा आली नाही ती," ती म्हणाली. "दोन वर्षं वाट बघतेय मी. आणि तुमच्याकडे आली?"

दुसऱ्या सकाळी मात्र तीच आधी तयार झाली. "चला. दाखवा."

भिंतीच्या रस्त्याला लागल्यावर ती रागारागाने पुढे निघून गेली. मिस्त्री मागे, थंडीने दोन्ही हात स्वेटरच्या खिशात. कान टवकारून ते चालत होते. चप्पल नाही, धाप नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पाठीमागे शांतता होती. सुटलो, असं त्यांच्या मनात आलं.

मग त्यांचं लक्ष मुलीकडे गेलं. ती वीसेक पावलं पुढे होती. तिची चाल मंदावली होती. डावा हात अंगापासून जरा दूर, बोटं मिटलेली. मागे न बघता ती बोलली. दोन वर्षांत तिच्या आवाजात इतकी माया आली नव्हती.

"केवढा गार पडलाय तुमचा हात, बाबा... धापा का टाकताय? सावकाश चला. मी आहे ना."

मिस्त्रींचे दोन्ही हात खिशातच होते, मुठी आवळलेल्या.

भिंत संपते तिथून घराचा रस्ता डावीकडे वळतो. मुलगी सरळ गेली. सरळ रस्ता पाण्याने भरलेल्या जुन्या खाणीकडे जातो. मिस्त्री जीव तोडून पळाले. छातीत जरासुद्धा कळ आली नाही. पण ते अंतर तुटेना. खाणीच्या अगदी काठावर ती आपणहून थांबली, तेव्हा कुठे त्यांनी तिचा दंड धरला.

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग आपल्या डाव्या मुठीकडे.

"तुम्ही... मागे होतात?"

दंड सोडवून ती मागे वळली. घरी आली, शाळेत गेली, वह्या तपासल्या. सगळं उजव्या हाताने. डावी मूठ तिने उघडली नाही. डॉक्टरांना दाखवायलाही ती तयार होईना. वडिलांशी आता ती कामापुरतंही बोलत नाही. पण भांडी घासताना, केस विंचरताना कुणाला तरी हळू आवाजात दिवसभराचं सांगत असते, मध्येच हसते. मिस्त्री दाराशी आले की गप्प होते.

एका रविवारी भर दुपारी खुर्चीतच तिचा डोळा लागला आणि मूठ सैल झाली. मिस्त्रींनी श्वास रोखून, वाकून पाहिलं. तळवा रिकामाच होता. मात्र हाताच्या पाठीवर चार बोटांचे वळ होते, आणि मिस्त्री पाहत असतानाच ते वळ हळूहळू आणखी खोल होत गेले.