बेडूक गप्प करणारे

दार लावून घ्या रे पोरांनो, आणि शेगडीत एक लाकूड सरकवा. तळ्याच्या बांधाशी राहतो तो मार्सियाल तुम्हाला माहीतच आहे, कुणाशी बोलत नाही म्हणून तुम्ही त्याची नक्कल करता. ही गोष्ट त्याची. आपल्याच फोरे प्रांतातली. मेच्या दुसऱ्या शनिवारची रात्र होती, अमावास्येची.

त्याची बायको नोएमी अंथरुणाला खिळली होती. आता काही होण्यासारखं नाही, हे डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. तिला हवी होती फक्त एक रात्र झोप. पण तळं काठोकाठ भरलेलं आणि बेडकांचा नुसता गलका. "तुझ्या पाहुण्यांना गप्प कर की," ती म्हणायची. एवढीच थट्टा तिच्यात उरली होती. मार्सियालचं मन मात्र बधिर झालं होतं. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती. सांगितलेलं काम करायचा, एवढंच.

त्या रात्री तिचे दुखण्यावरचे थेंब संपले, म्हणून तो बांधावरून पलीकडे नर्स जोझेतकडे गेला. तिने बाटली दिली आणि सवयीप्रमाणे बजावलं, "जाताना 'पुरे' म्हण हं."

तुम्ही म्हणता ना? हसू नका, म्हणत जा. फार पूर्वी ल्यों शहराच्या आर्चबिशपशी भांडण्यात हयात घालवलेला आपल्या प्रांताचा एक काउंट होता. त्याचा एकुलता वारस तापाने फणफणला. पोराला झोप लागावी म्हणून काउंटने गावातली माणसं याच तळ्यात उतरवली. काठ्यांनी पाणी झोडपा, एकही बेडूक ओरडता कामा नये. पोरगं पहाटे गेलं. 'पुरे' म्हणायची शुद्ध बापाला राहिली नाही, आणि हुकमाशिवाय माणसं बाहेर येईनात. गारठून मेली बिचारी, एकेक करून. पुढे काउंटांचा वंश बुडाला, फोरे बूर्बों घराण्याकडे गेलं, मग फ्रान्सच्या राजाने गिळलं. हुकूम मागे घ्यायला कोणी उरलंच नाही, ती अजून पाण्यातच आहेत. म्हणून बांधावरून जाणारा प्रत्येकजण म्हणतो, 'पुरे झालं, घरी जा.'

मार्सियाल बांधाच्या मध्यावर थांबला. डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. सगळीकडून डराव डराव. त्याच्या तोंडून भलतंच निघालं.

"एक रात्र गप्प करा यांना. तिला झोपू दे."

बेडूक थांबले. सगळे. एकदम.

मग पाण्यात काहीतरी आपटलं. छप्प... छप्प...

तो घरी आला तर नोएमी झोपली होती. कपाळावरची आठी गेली होती. कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. बाटली हातात धरून तो पलंगाशी बसला.

छप्प... आवाज अंगणात आला. अंगणात पाणी नव्हतं.

छप्प... जिन्यावर.

'पुरे' म्हणायला हवं, हे त्याला कळत होतं. पण म्हटलं तर बेडूक सुरू होतील. ती जागी होईल. तिला दुखेल.

तो बोलला नाही.

आवाज दाराशी आला... थांबला.

आता खोलीत फक्त तिचा श्वास.

श्वास...

मग तोही नाही.

"पुरे," मार्सियाल म्हणाला. "घरी जा."

बाहेर बेडूक ओरडायला लागले.

सकाळी जोझेतबरोबर मी गेलो. तो तसाच बसला होता, बाटली न उघडलेली. पलंगाच्या पायथ्याशी एक लांब काठी टेकवलेली होती, साल काढलेली. ही कुणाची, मी विचारलं. त्याने ती उचलून शेगडीशी नेऊन ठेवली.

ती काठी त्याने फेकली नाही. इतकी वर्षं ती तिथेच आहे, शेगडीच्या उबेत. परवा मी हात लावून पाहिला.

खालचं टोक अजून ओलं आहे.