निळ्या जेट स्कीवरची विभूती

"स्थळाची चौकशी असंल तर फोटो आणि गावाचं नाव द्या," पिराजी सवयीनं म्हणाला.

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या त्या एवढ्याशा चौकशी-ऑफिसात येणाऱ्या दहांतल्या नऊ जणांचं काम तेच असायचं. मुलगा पितो का, मुलीचं आधी कुठं जमलं होतं का.

दारातली मुलगी जागची हलली नाही. डोळे जागरणानं लाल झालेले. "चौकशी गाडीची करायचीय," ती म्हणाली. "लोकं म्हणत्यात, माझीबी करायला पायजे."

आतल्या टेबलामागून ऑफिसची मालकीण शांभवी उठली आणि तिनं खुर्ची पुढं केली. "बसा. आधी पाणी घ्या, मग सांगा."

मुलीचं नाव रक्षिता. पंचगंगेकाठच्या काठेवाडीतल्या पूरबचाव पथकाची ती प्रमुख. गेल्या पुरात गावाची लाकडी नाव धारेत उलटली होती आणि मळ्यातल्या छपरावर बसलेली दोन माणसं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली होती. तेव्हा गावानं ठरवलं, जेट स्की घ्यायची. नव्या गाडीची ऐपत नव्हती. घरटी वर्गणी काढून चार लाख जमले. तेवढ्यात जुनी, पण पुरात दगा न देणारी गाडी शोधायचं काम रक्षितावर आलं.

"तीन बघितल्या," ती सांगू लागली. "एक मालवणची. स्वस्त होती, पण समुद्रात चाललेली नको म्हटलं; मीठ आतनं इंजिन खातं. दुसरी आमच्या अध्यक्षांच्या, हंबीररावांच्या भाच्याची. तिच्या तळाला भेग. तिसरी निळी. राधानगरीकडं धरणाच्या पाण्यावर अमरसिंह म्हणून एकाचं बोटिंग होतं, ते बंद पडलं. गाडी कायम गोड्या पाण्यात. रविवारी आम्ही बहीणभाऊ गेलतो, संगं बिद्रीचे बाळासो मिस्त्री. थंड इंजिन एका दमात सुरू झालं. पळवून बघितली, कुठं कुरकुर न्हाय. मग मी गाडीच्या नाकावर विभूतीची तीन बोटं ओढली आणि म्हटलं, हीच."

"गावात कधी आली?"

"मंगळवारी, बाळासोंच्याच टेम्पोतनं. अध्यक्षांच्या शेडपुढं सगळ्यांसमोर कव्हर काढलं. नंबर तोच, मीटर तेच. नाकावर माझी विभूती जशीच्या तशी. ती बघितली आणि मी सही केली. रात्री गाडी शेडमध्ये होती. सकाळी माझा भाऊ शिवकुमार ट्रायलला नदीत उतरला. मधोमध गेला आणि इंजिन जाम. धारेनं नेऊन बंधाऱ्यावर आपटला. जॅकेट होतं म्हणून जिवंत हाय. बरगड्या मोडल्यात."

पिराजीनं नकळत विठ्ठलाचं नाव घेतलं.

"पोलीस म्हणाले, जुनी वस्तू बघूनच घ्यायची असती. गाव म्हणतं, पोरीनं कमिशन खाल्लं. उद्या संध्याकाळी सभा हाय. मला काढणार, आणि पथकबी मोडणार. पाऊस तोंडावर आलाय, ताई. छपरावर माणसं बसली तर आणायला जाणार कोण?"

शांभवीनं पर्स उचलली. "पिराजीमामा, गाडी काढा."

*

शेडमध्ये ती निळी गाडी चिखलानं माखून पडली होती. नदीनं तिला दिवसभर घोळसलं होतं, मग गावानं ती दोरानं ओढून बाहेर काढली होती. बाजूंना शेवाळ चिकटलेलं. नाकावर तीन आडव्या पांढऱ्या रेघा मात्र स्पष्ट दिसत होत्या.

शांभवीनं अंगठा ओला करून त्यांवर घासला. मग सीट उचलली, इंजिनाच्या बुडाशी वाकली आणि एका नटाभोवतीची पांढरी पपुद्री चाकूच्या टोकानं कागदावर खरवडून घेतली.

"गाळ हाय त्यो," पिराजी म्हणाला.

"असेल."

"पावणं, कुणाला विचारून हात लावलाय?" मागून आवाज आला. हंबीरराव दारात तंबाखू मळत उभे होते. "मी म्हटलतं माझ्या भाच्याची घ्या. भेग काय, बुजवता येती. पण आमच्या पोरीला शिकलेल्यांचं वारं लागलंय."

"रात्री शेडची किल्ली कुणाकडं होती?"

"माझ्या कमरेला. संशय घेताय व्हय?"

"अजून नाही. ही गाडी तुम्ही पहिल्यांदा कधी पाहिली?"

"मंगळवारी. कव्हर निघालं तवा, सगळ्या गावासंगं. धरणावर मला कोण बोलवतंय?" ते रक्षिताकडं बघत म्हणाले.

रक्षितानं मान खाली घातली. पिराजीला त्या माणसाचा मनस्वी राग आला. चोर हाच, असं त्यानं तिथंच ठरवून टाकलं.

*

अमरसिंह धरणाकाठी, आपल्या उलट्या ठेवलेल्या बोटींमध्ये एकटाच बसला होता. अपघाताचं ऐकून तो उठून उभा राहिला.

"माझी गाडी दगा देणार नाही," तो म्हणाला. "लेकरासारखी सांभाळली होती. सोमवारी मीच साबणानं धुतली. बोटांचे डाग, राख, भस्म, काय काय लावलेलं होतं, सगळं पुसून आरशासारखी केली. शेवटचा फोटो काढला आणि माझ्या हातानं कव्हर बांधलं. मंगळवारी मिस्त्री आले, तशीच चढवून घेऊन गेले."

त्यानं मोबाइल पुढं धरला. निळी गाडी, चकचकीत, नाकावर ऊन पडलेलं. शांभवी फोटो बराच वेळ बघत राहिली. मग तिनं तो आपल्या मोबाइलवर मागून घेतला.

"तुमची अशी दुसरी गाडी होती?"

"एकच होती. बाकी या बोटी. कधी हे पाणी सोडून गेल्या नाहीत."

एका बोटीच्या इंजिनावरही पांढरं पडलं होतं. शांभवीनं तेही दुसऱ्या कागदात खरवडून घेतलं.

"बाई आता गाळाचा व्यापार करणार," पिराजी पुटपुटला. ती हसली नाही. तेव्हा पिराजीलाही कळलं की गोष्ट वाटते तेवढी साधी नाही.

*

बिद्रीच्या रस्त्याला बाळासोचं गॅरेज. उसाचे ट्रॅक्टर दुरुस्तीला उभे होते. बाळासो हसतमुख, बोलका. एका तळहातावर तंबाखू, दुसऱ्या हातात चुन्याची डबी.

"पोराचं लई वाईट झालं. रविवारी मी इंजिन तपासलतं, घोड्यागत होतं. पण मशीन हाय, काय सांगावं."

"येताना टेम्पो कुठं थांबला होता?"

"चाक बसलं, म्हणून हितं गॅरेजात घेतला. तासाभराचं काम."

"तेव्हा गाडीचं कव्हर काढलंत?"

"छ्या. धरणावरनं जसं बांधून आलं, तसं काठेवाडीत सोडलं. मधी कुणी दोरीला हात लावला न्हाय."

उन्हानं पिराजीचे पाय भरून आले होते. पत्र्याच्या आडोशाला जुन्या टायरांमध्ये ताडपत्री घातलेलं काहीतरी होतं. तो त्यावर बसला. बसायला चांगलं मऊ लागलं. एकादशीला बुवांच्या कीर्तनात पखवाज वाजवणारे हात, ते कुठं गप्प बसतात? त्यानं बाजूला थाप दिली. भरीव, गोड नाद आला.

"पावणं, तिथं न्हाय, उंदरं हायत," बाळासो लगबगीनं आला. "खुर्चीवर बसा की."

पिराजी दचकून उठला. परतीच्या वाटेवर तो शांभवीला म्हणाला, "माणूस चांगला हाय. खुर्ची दिली, चहा दिला. चोर त्यो अध्यक्ष. किल्ली त्याच्या कमरेला, तंबाखू त्याच्या तोंडात, आणि पोरीवर डूख."

"मामा, गाडी हुपरीला घ्या."

हुपरी तिचं माहेर. घरोघर चांदीचे पैंजण घडवणारं गाव. झाडलोटीच्या धुळीतला चांदीचा कण न् कण तिचे काका तेजाबात विरघळवून परत मिळवत, आणि लहानपणी ती शेजारी बसून बघत असे. काकांच्या कारखान्यातून ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात गडद रंगाची लहानशी बाटली होती.

"औषध?"

"गाडीचं," ती म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी सभेला सगळं गाव लोटलं. देवळापुढच्या मांडवात निळी गाडी आणून ठेवली होती. अमरसिंह आला होता. इंजिनाला काय झालं ते सांगायला म्हणून बाळासोलाही बोलावलं होतं. रक्षिता खांबाला टेकून उभी. तिच्याकडं कुणी सरळ बघत नव्हतं.

"पोरीनं सही केली, पोरीनं निस्तरावं," हंबीररावांनी सुरुवात केली.

"निस्तरायला ती तयार आहे," शांभवी उठली. "आधी मला थोडं बोलू द्या."

बुवांनी पूर्वरंग आवरून उत्तररंगाला हात घालावा, तशी ती सावकाश पुढं आली. तिनं दोन काचेचे पेले ठेवले आणि दोन्हींत बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी ओतलं.

"यात अमरसिंहांच्या बोटीवरची पपुद्री. त्यात या गाडीच्या इंजिनातली." तिनं कागद झटकले, ढवळलं आणि बाटलीतले दोन-दोन थेंब सोडले. "हे चांदीचं पाणी. मिठाशी गाठ पडली की फाटतं."

पहिला पेला जरासा गढुळला, एवढंच. दुसऱ्यात नासक्या दुधासारखे पांढरे गठ्ठे धरले. पुढच्या रांगेतल्या बायका वाकून बघू लागल्या.

"ही गाडी समुद्रात चाललेली आहे. इंजिन थंड ठेवणारी हिची आतली पाण्याची वाट मिठानं चोंदली होती. इंजिन तापलं आणि जाम झालं. रक्षितानं निवडलेली गाडी ही नव्हेच. तिची निवड बरोबर होती."

मांडवात कुजबुज उठली.

"नंबर तोच हाय की," हंबीरराव म्हणाले.

"नंबराचं स्टिकर, सीट, मीटर, सगळं एका गाडीवरून दुसरीवर जातं. प्रश्न एवढाच, बदलली कुणी? मला ते या तीन रेघांनी सांगितलं." तिनं गाडीच्या नाकावर बोट ठेवलं. "पाण्यानं लावलेली विभूती वाळली की फुंकरीनं उडते. ही दिवसभर नदीत बुडून, गाळात घासून निघाली नाही. माझ्या ओल्या अंगठ्यानंही निघाली नाही. ही विभूती नाही. चुना आहे."

"चुना माझ्याबी खिशात हाय," हंबीरराव गुरगुरले.

"आहे. पण रविवारी तुम्ही धरणावर नव्हता. कव्हर निघालं तेव्हा या रेघा आधीच इथं होत्या, सगळ्या गावानं पाहिल्या. त्या कशा दिसतात हे तुम्हाला त्याआधी माहीतच नव्हतं."

हंबीरराव पुढं होऊन त्या रेघा निरखू लागले.

"आता अमरसिंह. सोमवारी त्यांनी गाडी धुतली. हा फोटो बघा. नाक कोरं आहे. गाडी धरणावरून निघाली तेव्हा तिच्यावर विभूती नव्हतीच. मग ज्यानं स्वतः ती पुसली, तो नकली गाडीवर परत कशाला काढेल?"

पिराजीच्या डोक्यात आत्ता कुठं उजेड पडू लागला.

"म्हणजे रेघा काढणाऱ्यानं रविवारची विभूती पाहिली होती, पण सोमवारी ती पुसल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. नकली गाडी त्यानं आधीच सजवून ठेवली. मंगळवारी घाईत सीट आणि मीटर काढताना खऱ्या गाडीच्या नाकाकडं त्याचं लक्षच गेलं नाही. जे पुसून गेलं होतं, त्याचीच त्यानं नक्कल केली. बाळासो, कव्हर वाटेत कुठंही निघालं नाही, असं तुम्हीच सांगितलंत. मग कोऱ्या नाकावर, बांधलेल्या कव्हराखाली, या रेघा आल्या कुठून?"

बाळासोच्या तळहातावरची तंबाखू खाली सांडली. "समदं अंदाजपंचे चाललंय. दुसरी गाडी हाय कुठं?"

शांभवी वळली. "पिराजीमामा, काल गॅरेजात तुम्ही कशावर बसला होता?"

पिराजीचे हात आपोआप मांडीवर आपटले. ती मऊ गादी. तो भरीव नाद. "अगं आई," तो पुटपुटला. "मी तिच्यावरच बसलतो."

"पोलीस आत्ता तीच ताडपत्री उचलताहेत. फोटो त्यांच्याकडं आहे."

बाळासो मटकन खाली बसला. "कोकणातनं घेतलेली," तो म्हणाला, "गळ्यात पडली. कुणी घेईना. हुबेहूब तसलीच निळी दिसली, आणि बुद्धी फिरली. एक पावसाळा तर निभंल, वाटलं."

रक्षिता खांबापासून पुढं आली. तिचा आवाज चढला नाही. "पावसाळ्यासाठीच घेतलती, बाळासो."



*

पोलिसांचं सगळं आटोपून खरी गाडी गावात आली, तेव्हा आभाळ भरून आलं होतं आणि नदीचं पाणी तांबूस व्हायला लागलं होतं. घाटावर गर्दी झाली. हंबीरराव सहीचा कागद घेऊन पुढं झाले. रक्षितानं तो घेतला नाही. सीट उचलली, तळाखालून हात फिरवला, इंजिनाच्या बुडाशी बॅटरी मारून बघितलं.

"अध्यक्ष, जॅकेट घाला," ती म्हणाली.

"मी कशाला?"

"मागं वजन पायजे. बुडालेला माणूस म्हणून बसा."

हंबीररावांनी इकडं तिकडं बघितलं, फेटा काढून पिराजीच्या हातात दिला आणि धोतर सावरत मागं चढले. कुणी हसलं नाही. अंमळ वेळानं स्वतः हंबीररावच हसले.

रक्षितानं दवाखान्यात शिवकुमारला व्हिडिओ कॉल लावला. तिला बोलायचं काही नव्हतं. फोन तिनं शांभवीच्या हाती दिला, इंजिन चालू केलं आणि गाडी धारेत घातली. शांभवीनं फोन नदीकडं धरला. गाडी पार पलीकडच्या काठाला लागली, आडव्या धारेतनं वळली आणि सरळ घाटाकडं परत येऊ लागली, तोवर फोनमधून नुसता श्वास ऐकू येत होता.

मग शिवकुमार म्हणाला, "अक्काला सांगा, वळताना थोडं हळू घे. मागं माणूस बसलंय."