कापलेल्या फोटोतली मेव्हणी

"माझ्या मुलीने भरसभेत माझी शोभा केली," खुर्चीवर टेकायच्या आधीच बाइंडर म्हणाले. "तिनेच केलं, एवढं मला सिद्ध करून द्या."

"उत्तर घरूनच ठरवून आलात, तर मग मी काय करू?" वहिनींनी चहाचा कप पुढे सरकवला. "बसा. सुरुवातीपासून सांगा."

वहिनी खासगी तपासाची कामं घेत. त्यांचे धाकटे दीर, भाऊजी, त्यांची गाडी चालवत, टिपणं काढत आणि बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर संशय घेत. बायको गेल्यापासून घर खायला उठायचं, म्हणून ते रोज सकाळीच इथे येऊन बसत.

बाइंडरांची हकिगत सरळ होती. पुस्तकबांधणीचं दुकान त्यांनी आणि बायकोने मिळून उभं केलं. दुकानाच्या वर्धापनदिनासाठी बायकोने घरच्या कॉम्प्युटरवर जुन्या फोटोंचं प्रेझेंटेशन बनवलं, आणि कार्यक्रमाआधीच ती गेली. परवा बाइंडरांनी तेच प्रेझेंटेशन बाइंडर संघाच्या सभागृहात दाखवलं.

"दुकान उघडलं त्या दिवशीचा एक फोटो आहे. कटिंग मशीनपाशी ही, आणि शेजारी तिची धाकटी बहीण. पुढे आईला कोणी सांभाळायचं यावरून दोघींचं फाटलं ते फाटलंच. प्रेझेंटेशन बनवताना हिने बहिणीला फोटोतून कापून टाकलं. माझ्या डोळ्यांदेखत. घरी शंभरदा पाहिलाय मी, ही एकटीच दिसते. आणि परवा पडद्यावर दोघी!"

"बाकीचे फोटो?"

"जसेच्या तसे. फार टापटिपीची होती ती. कडेला कुणा तिऱ्हाइताचं कोपर दिसलं तरी छाटायची. दुकानाच्या फाटकापाशी कचऱ्याचा डबा होता, तोही छाटला. तो काही परत आला नाही. आली ती फक्त मेव्हणी."

"मेव्हणी हजर होती?"

"शेवटच्या रांगेत. मी बोलावलं नव्हतं. फोटो दिसला तशी तोंडावर हात धरून उठून गेली. मुलगी मावशीकडे चोरून जाते, हे मला ठाऊक आहे. पेन ड्राइव्हही तिच्याच हातात होता. मी चारचौघांत तिला नको ते बोललो. आता रविवारी ती घर सोडून चाललीय." बाइंडर कपाकडे बघत राहिले. "तिने केलं नसेल, तर मी काय करून बसलो?"

बाइंडरांच्या घरी मुलगी आपल्या खोलीत पुस्तकं खोक्यात भरत होती.

"बाबांनी पाठवलं? बरं झालं. घरात पोलीसच तेवढे यायचे राहिले होते."

"मावशीला कार्यक्रमाला कोणी बोलावलं?" वहिनींनी विचारलं.

"मी. शेवटी बस म्हटलं, बाबांना दिसणार नाहीस. पण फाईलला हात लावला नाही. नुसती पेन ड्राइव्हवर घेतली. आई गेल्यावर ती उघडायचाही धीर झाला नाही मला."

"पडद्यावर फोटो कसा दिसला?"

"आई फार बारीक दिसत होती. मावशीही. आई इतकी बारीक अगदी शेवटी झाली होती..." तिने खोक्याला चिकटपट्टी लावायला घेतली.

वहिनींनी घरच्या कॉम्प्युटरवरची फाईल बराच वेळ पाहिली आणि मग सभागृह गाठलं.

"मॅडम, माझ्यावर काही आणू नका हं," ऑपरेटर म्हणाला. "हा कॉम्प्युटर माझ्या लग्नाआधीचा आहे."

"फाईल उघडताना तो काही म्हणाला?"

"म्हणाला ना. फाईल सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत बनलीय, काही गोष्टी नीट दिसणार नाहीत. तो रोजच कुरकुर करतो. मी ओके दाबतो आणि पुढे जातो. घरीही माझं तेच धोरण आहे."

फाईलची प्रत तिथेच पडून होती. वहिनींनी तिचा आकार आणि ती शेवटची सेव्ह झाल्याची तारीख टिपून घेतली.

गाडीत भाऊजी म्हणाले, "मला विचाराल तर मुलगीच. आवृत्तीचा घोळ असता तर कचऱ्याचा डबाही परत आला असता. एकच फोटो कसा बिघडेल?"

"भाऊजी, आज तुम्ही अगदी नेमका प्रश्न विचारलात."

"म्हणजे मुलगीच ना?"

"प्रश्न नेमका म्हटलं मी. उत्तर नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनींनी सगळ्यांना बाइंडरांच्या घरी कॉम्प्युटरपाशी जमवलं. मेव्हणीलाही बोलावलं होतं. ती दारातच उभी राहिली. बाइंडर तिला ये म्हणाले नाहीत, जा असंही म्हणाले नाहीत.

"सभागृहातली फाईल आणि ही, दोन्ही तंतोतंत सारख्या आहेत," वहिनींनी सुरुवात केली. "दोन्हींवर शेवटची तारीख एकच, आणि तेव्हा काकू हयात होत्या. म्हणजे नंतर कोणीही काहीही घुसवलेलं नाही."

"मग पडद्यावर मेव्हणी आली कुठून?" बाइंडरांनी विचारलं.

"ती कुठे गेलीच नव्हती. पडद्यावर दोघी बारीक दिसत होत्या. कोणी मुद्दाम फोटो बदलला असता, तर नीट बसवला असता. रुंद फोटो अरुंद चौकटीत कोंबला की माणसं बारीक होतात. चौकट एकीची होती, काका. आत दोघी होत्या."

वहिनींनी फोटोवर क्लिक करून कापायचं बटण दाबलं. बायकोच्या शेजारी, चौकटीबाहेर, अंधूक करड्या रंगात हसणारी एक मुलगी उमटली. दारातून मेव्हणी दोन पावलं आत आली.

"तुमच्या दुकानात कापलेला कागद टोपलीत पडतो. इथे कापलेला भाग नुसता झाकला जातो. नवी आवृत्ती ते झाकण पाळते. सभागृहातल्या जुन्या आवृत्तीला ते कळलंच नाही. तिने अख्खा फोटो दाखवला."

"आणि डबा?" भाऊजींना राहवलं नाही.

वहिनींनी फाटकाचा फोटो घेऊन तेच बटण दाबलं. चौकटीबाहेर काहीच नव्हतं.

"झाकलेला भाग कायमचा फेकून द्यायची वेगळी सोय असते. काकूंनी ती एकेक फोटो घेऊन वापरलीय. मी सगळे तपासले. डबा फेकला, कोपर फेकलं. बहीण तेवढी फेकली नाही."

"विसरली असेल," बाइंडर हळूच म्हणाले.

"आई?" मुलगी म्हणाली. "कोपर न विसरणारी आई?"

बाइंडरांनी करड्या रंगातल्या मेव्हणीकडे पाहिलं. मग ते आपल्या मुलीकडे वळले. "चारचौघांत बोललो होतो. आता या सगळ्यांसमोर परत घेतो. चुकलो मी."

मुलीने माउस हातात घेऊन चौकट कडेपर्यंत ओढली. दोघी उजळल्या, चांगल्या भरल्या गालांच्या.

"बाई गं, केवढी जाडी होते मी," मेव्हणी डोळे पुसत म्हणाली.

"अजून आहेस," बाइंडर म्हणाले. "बस खुर्चीवर."

मुलीचा हात सेव्हच्या बटणाकडे गेला, तसे ते एकदम पुढे झाले.

"थांब. सेव्ह केलं की वरची तारीख बदलेल ना? तिचा हात लागलेली?"

भाऊजींनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"आईची फाईल तशीच राहू दे बाबा," मुलगी म्हणाली. "आपण वेगळी प्रत करू. पण त्याला वेळ लागेल. आधी माझी खोकी उघडायला चला."