परक्या शिवेवरचा घास

“उतर म्हटलं ना तुले! पाय खाली टेकव!”

“नाई उतरत, आजी. आता उतरली तं पुन्हा चढनं होत नाई माह्याच्यानं.”

“नको चढू. पायी चाल. पन त्या सायकलीवरून उतर!”

“काहून पन? कारन तं सांग!”

कारण सांगायचं म्हणजे ते तोंडाने उच्चारायचं, आणि मला ते उच्चारायचं नव्हतं. ही गोजराबाई कोणाला भ्यायली का, ते कारंज्याच्या भाजीबाजारात जाऊन विचारा. पण त्या दिवशी सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी बांधता बांधता माझा हात सुतळीवरच थांबला होता.

दुपार कलली होती. मळ्यात मी आणि माझा लेक उत्तम, दोघंच. उद्याच्या बाजाराची भाजी पुढ्यात, फोन टोपलीला टेकवलेला, आणि फोनमध्ये उत्तमची पोरगी प्रियदर्शनी. व्हिएतनामच्या रस्त्यावर एकटी सायकल मारत होती. तिने आपला फोन हँडलवर बसवलेला, म्हणून ती आम्हाला समोरून दिसायची. डोक्यावर टोपी, उन्हासाठी तोंडाला रुमाल गुंडाळलेला, डोळ्यांपुरती फट, आणि पाठीमागे पळत जाणारा रस्ता. तिचा आवाज तिच्या कानातल्या बारक्या यंत्रातून यायचा.

प्रवासाचा पहिलाच दिवस. तिला पाठवायचं म्हटलं तेव्हा उत्तमने दोन वेळचं जेवण सोडलं होतं. मीच भांडले त्याच्याशी. पहिल्याच दिवशी पोरगी माघारी फिरली असती, तर त्याने तिला जन्मात पुन्हा वेशीबाहेर जाऊ दिलं नसतं. हे मला ठाऊक होतं आणि तिलाही.

सकाळी खुशीत होती. दुपारनंतर म्हणायला लागली, सायकल जड झाली. हवा पाहिली, चाकं फिरवून पाहिली, दोष काही सापडेना. रस्ता सपाट, तरी घाट चढल्यासारखी पोरीची दमछाक.

“कोनी मांगून कॅरियर धरल्यावानी वाटते, आजी,” ती हसून म्हणाली.

आणि मग मी ऐकलं. तिची धाप तुटक, भराभर. त्या धापेच्या मधल्या फटीत आणखी एक श्वास होता. सावकाश. पोटभर जेवून ओसरीवर टेकलेल्या माणसाचा असतो तसा.

“दर्शनी... सकाळी काय खाल्लं तू?”

“तुह्या हातची दशमी. अर्धी हाय अजून.”

“आनि पहिला घास?”

“टाकला ना! शहर संपलं, घरं संपली, तिथं एक दगड होता. डाव्या खांद्यावरून मांगं टाकला, आनि म्हटलं सोबत कर. तू शिकवलं तसंच.”

मी शिकवलं होतं, खरं आहे. आमच्यात कोणी दूर निघालं की गावाच्या शिवेवर शिदोरीतला पहिला घास टाकतात. आपल्या शिवेवरचा जो कोणी असेल तो आपल्याला ओळखतो. थोडी सोबत करतो, पुढची शीव लागली की मुकाट माघारी जातो. पण घास आपल्याच शिवेवर टाकायचा असतो. निघाली त्या दिवशी ती म्हणाली होती, बाबा, गाडी थांबवा. उत्तमने थांबवली नाही. ‘विमानानं जाते अन् शीव कायची पायते,’ म्हणाला. मग राहिलेली रीत पोरीने तिकडे जाऊन पुरी केली. तिथे तो घास कोणी उचलला, आणि त्याची शीव कुठे संपते, हे मी कोणाला विचारू?

“उरलेली दशमी फेक,” मी म्हटलं. “आनि उतर.”

“भूक लागली, आजी! दुसरं काई नाई माह्याजवळ.”

उत्तम पुढे सरकला. “मी म्हनतच होतो. वापस ये! उद्याच्या विमानात बस.”

“तुमी तं याचीच वाट पाहून राह्यले होते, बाबा!”

“तू गप रे,” मी त्याला म्हटलं. “वापस नको येऊ, माय. फक्त उतर.”

“आधी तुमच्या दोघाईचं ठरवा, मंग मले सांगा!”

पोरगी माझीच नात. शब्द खाली पडू द्यायची नाही.

तेवढ्यात चित्र अडकलं. रुमाल, फट, आणि फटीत नुसता काळोख. आवाज मात्र येत होता. काहीतरी घासल्याची खरखर, मग पानांची सळसळ. मग तेही थांबलं. मी हाका मारत राहिले. सांबाराचा ओला वास एकाएकी नकोसा झाला, मांडीवरचा ढीग मी बाजूला लोटला.

चित्र पुन्हा हललं.

ती सायकल मारतच होती. आता जोरात. गुडघे वर-खाली होत होते, पाठीमागे रस्ता सळसळत जात होता, आणि तिकडचं ऊन पार उतरलं होतं.

“अजून उतरली नाई तू!” मी ओरडले. “दर्शनी!”

उत्तमने माझा दंड धरला.

“माय... तिले धाप काहून नाई लागून राह्यली?”

मी पाहिलं. तोंडावरचा रुमाल आत-बाहेर होत नव्हता. जराही नाही. फटीतून आमच्याकडे रोखून पाहणं मात्र चालू होतं, आणि पाय थांबत नव्हते.

आयुष्यात कोणापुढे हात जोडले नाहीत मी. त्या टोपलीपुढे जोडले.

“उतर वं माय... तुह्या पाया पडतो मी... उतर!”

मग तिचा आवाज आला. थकलेला, शांत, अगदी कानाजवळ.

“आजी, ओरडू नको वं... सायकल झाडाले टेकवून मी कवाची गवतात बसली हाव... तू कोनाले उतर म्हनून राह्यली?”