खोलीत दुसरं कोणी नको

टक्.

मशीनवरचं लाल दोऱ्याचं रीळ फरशीवर पडलं आणि गडगडत पलंगाखाली गेलं. आवाज तो केवढासा, पण दुपारच्या त्या शांततेत शिवांगीचे हात जागीच थांबले. किती वेळ थोपटून रेवाला आत्ता कुठे झोप लागली होती. तिनं वळून पाहिलं. उजव्या डोळ्यावरची पट्टी उशीत दाबून, तोंड किंचित उघडं ठेवून पोर गाढ झोपली होती.

रीळ तिनं तसंच राहू दिलं. ते काढायचं म्हणजे पलंगाखालच्या बॅगा ओढा, मग आवाज, मग रेवा जागी, आणि आजची दुपार गेली. दिवसभरात तिच्या स्वतःच्या वाट्याला येई तो एवढाच वेळ, लेकीच्या झोपेतून चोरलेला. तेवढ्यात ती गोधड्या शिवायची.

देवासला टेकडीच्या पायथ्याशी त्यांचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. मशीन खिडकीशी होतं. मान वर केली की देवीची टेकडी दिसे. नवरा, अजेय, कंपनीत पाळीवर जाई. तिथं फोन गेटवरच जमा करावा लागायचा, त्यामुळे सुटी होईपर्यंत त्याचा आवाजही ऐकू येत नसे. जुन्या सुती लुगड्यांच्या गोधड्या शिवून विकायच्या, ही शिवांगीची कल्पना. लुगडी आणून द्यायची ती जमुनाबाई. ती जुन्या कपड्यांवर भांडी देई, आणि टोपली डोक्यावर घेऊन हाटपिपल्या, खातेगांवपर्यंत फिरे. कुठकुठल्या बायांची ती लुगडी! शिवांगी ती उकळत्या पाण्यातून काढायची, गच्चीवरच्या उन्हात कडकडीत वाळवायची आणि मगच कात्री लावायची. गिऱ्हाइकं फोनवर मिळत, पैसेही फोनवरच येत. वर्षभरात जे साठलं होतं त्याला कुणी हात लावायचा नाही असं घरात ठरलेलं होतं, कारण ते रेवाच्या डोळ्याचं होतं. तिरळेपणाचं ऑपरेशन. पुढच्या महिन्यात, इंदूरला.

त्या सकाळी तिनं एक पिवळं लुगडं कापलं होतं. मोहरीच्या शेतासारखं पिवळं, हिरव्या काठाचं, धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं. पदराचा एक कोपरा चुलीला लागून जळाला असावा. तिथं कुणीतरी लाल दोऱ्यानं इतकं मन लावून रफू केलं होतं की तो तुकडा टाकवेना. हाच गोधडीच्या मधोमध लावायचा, असं ठरवून तिनं तो मांडीवर घेतला होता. बाकीचे चौकोन मागच्या खुर्चीवर चळत लावून ठेवले होते.

तेवढ्यात फोन थरथरला.

“शिवांगी जी? आयकर विभाग से बोल रहा हूँ. सीनियर ऑफिसर राजवीर.”

तुकडा मुठीत धरूनच शिवांगी उभी राहिली. तिच्या धारच्या माहेरचं वळणच तसं. वडिलांना घरातली पोरंसोरंही भैयासाहेब म्हणत. त्यांच्या आजोबांनी दरबारची चाकरी केलेली. दरबार गेला त्याला किती वर्षं झाली, पण भैयासाहेब अजून साध्या पटवाऱ्याशीही उभ्यानं बोलत. सरकारचा माणूस बोलतोय म्हणजे सरकारच बोलतंय, हे त्यांच्या लेकीच्या अंगात दुधाबरोबर भिनलेलं.

“आपके खाते में साल भर से पैसा आ रहा है. सरकार को बताया? नहीं बताया. ये टैक्स चोरी है, मैडम. वारंट तैयार है.”

“अहो, पण मी... मतलब, मैं तो गोधडी बेचती हूँ.”

“जो भी बेचती हों. वीडियो चालू कीजिए.”

पडद्यावर एक तरुण आला. पांढरा शर्ट, भांग काढलेले केस. मागं भिंतीवर राजमुद्रा, टेबलावर छोटा झेंडा. आवाजात जराही चढउतार नव्हता.

“अब मेरी बात ध्यान से सुनिए. दरवाजा बंद. पति को, मायके में, किसी को फोन नहीं. फोन काटा तो आधे घंटे में गाडी आपके दरवाजे पर होगी. और कमरे में दूसरा कोई नहीं चाहिए.”

“बेटी सो रही है.”

“सोने दीजिए. और कोई?”

“कोई नहीं.”

तिनं कडी लावली. फोन मशीनच्या चाकाला टेकवून ठेवला. मग तो सांगत गेला आणि ती ऐकत गेली. खात्यातली सगळी रक्कम जाँच खात्यात टाकायची, तासाभरात तपासून परत येईल. नाही टाकली तर अटक. शिवांगीला खाली उभी राहिलेली जीप दिसली, समोरच्या गॅलऱ्यांतून वाकलेल्या बायका दिसल्या, आणि एका डोळ्यानं सगळं बघणारी रेवा दिसली. तिनं बँकेचं पान उघडलं. त्यानं सांगितलेला खाते क्रमांक घातला. रक्कम घातली. आता फक्त अंगठा टेकवायचा राहिला होता.

“मैडम, मैंने कहा था ना, कमरे में कोई नहीं चाहिए.”

“कोई नहीं है, सर.”

“पीछे जो बैठी हैं, उनको बाहर भेजिए.”

शिवांगीनं मागं पाहिलं. खुर्ची. खुर्चीवर चौकोनांची चळत. त्यावर उन्हाचा कवडसा. तिनं पडद्याच्या कोपऱ्यातलं आपलं चित्र बघितलं. त्यातही तिचा घामेजलेला चेहरा, खुर्ची, ऊन.

“सच में कोई नहीं है.”

“मजाक मत कीजिए. वो डोकरी... वो बुजुर्ग महिला. कुर्सी पर.”

घाबरवायची ही आणखी एक तऱ्हा असेल, असं तिला वाटलं. पण इतका वेळ पाठ केल्यासारखा बोलणारा हा माणूस आता मध्येच अडखळत होता. त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागं जायची आणि चटका बसल्यासारखी परत यायची.

“उनसे बोलिए, मेरी तरफ ऐसे ना देखें.”

आणि नेमकं तेव्हा शिवांगीला भैयासाहेबांची दुसरी सवय आठवली. घरातला विजेचा मीटर बदलायला माणूस आला, तरी ते शेजारच्या काकांना हाक मारून बोलावून घेत. “सरकारी काम आहे, चार माणसांसमोर होऊ द्या,” म्हणत. कधी कुठला साहेब त्याला नको म्हणाला नव्हता. उलट साहेबच पंच शोधत.

मग हा कसला साहेब, जो खोलीत एक म्हातारी बसली म्हणून चळचळा कापतोय?

अंगठा तिनं उचलला. बँकेचं पान बंद केलं. आणि इतका वेळ उभी होती ती, स्टूल ओढून खाली बसली.

“बैठी हैं तो बैठने दीजिए,” ती म्हणाली. “सरकारी काम है ना? उनके सामने होगा. नोटिस लिखकर भेजिए. मैं मेरे सी.ए. को दिखाऊँगी.”

सी.ए. तिच्या सात पिढ्यांत कुणी पाहिला नव्हता.

आता हा ओरडणार, म्हणून तिनं अंग चोरलं. पण तो ओरडला नाही. त्याचं तिच्याकडे लक्षच नव्हतं.

“वो... क्या सी रही हैं?”

खोलीत चुलीच्या धुराचा वास आला. ओल्या काटक्यांचा, डोळ्यांत चुरचुरणारा. या इमारतीत कुणाकडे चूल नव्हती.

मागं दोरा ओढल्याचा आवाज झाला. सुर्र. थांबला. पुन्हा सुर्र.

शिवांगीनं मान वळवली नाही. ती फक्त रेवाकडे बघत राहिली. रेवाचा श्वास संथ चालला होता.

“पीला लुगडा,” तो म्हणाला. “हरी किनार. पल्लू का कोना जला हुआ... लाल धागे से...”

जळका तुकडा शिवांगीच्या मुठीत होता. मशीनच्या आड, त्याला दिसणार नाही असा. आणि लुगडं कुठं राहिलं होतं? सकाळीच तिनं त्याचे चौकोन केले होते.

“बई?” तो म्हणाला.

साहेबी हिंदी कच्च्या रंगासारखी उतरून गेली होती. खाली उरली ती माळवी, शेताच्या बांधावरची. माळवीत बई म्हणजे आई, हे शिवांगीला ठाऊक होतं.

“बई, तू यां?”

तिला काही ऐकू आलं नाही. पण त्याला येत असावं. तो मान खाली घालून ऐकत होता, शाळेतून उशिरा आलेल्या पोरासारखा.

“नी, बई,” नकाराची मान हलवत तो म्हणाला. मग बऱ्याच वेळानं, “आज बी नी.”

त्यानं बाहीनं नाक पुसलं.

“दीदी, फोन काट दो. पैसे मत डालना. ये लोग फिर लगाएँगे, मत उठाना.”

पडदा काळा झाला.

धुराचा वास हळूहळू विरला. शिवांगी उठली. खुर्चीवरच्या चळतीवर पलंगाखाली गेलेलं ते लाल दोऱ्याचं रीळ ठेवलं होतं. दोरा सुईत ओवलेला होता.

त्यानंतर तिनं जे जे करायचं ते सगळं केलं. आधी सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, १९३०ला, फोन लावून तक्रार नोंदवली, नंबर दिला, तो जाँच खात्याचा क्रमांकही दिला. पलीकडच्या मुलीनं तिला दोनदा सांगितलं की आयकरवाले असं व्हिडिओवर बसवून पैसे मागत नाहीत, आणि फोनवर अटकही होत नाही. मग बँकेत कळवलं, पासवर्ड बदलला. संध्याकाळी अजेय आला तेव्हा त्यानं सगळं ऐकलं, रेवाला उचलून घेतलं आणि बराच वेळ खाली ठेवलंच नाही.

“ती म्हातारी म्हणजे काही तरी फिल्टर-बिल्टर लागला असेल गं त्यांच्याकडे,” तो म्हणाला. “पोरं मिशा लावतात ना फोटोत, तसं.”

“आणि रीळ?”

“रेवीनं उचललं असेल. तुझी लेक आहे, पसारा दिसला की हात शिवशिवतात.”

रेवा झोपली होती, असं शिवांगी म्हणाली नाही. धारला फोन लावला तर भैयासाहेबांनी सगळं ऐकून एकच विचारलं, “उभी राहिलीस?”

“राहिले. मग बसले.”

“बरं केलंस, बाळ. आता आम्हीही बसत जाऊ.”

पुढच्या खेपेला जमुनाबाईची हाक आली, तेव्हा रेवा बालवाडीत होती. शिवांगी खाली जिन्याशी गेली आणि पिवळ्या लुगड्याचं विचारलं.

“वो? वो तो खातेगांव तरफ को हे, भाभी. डोकरी चली गी बिचारी. पडोसवालों ने घर खाली करके दे दियो.” जमुनाबाईनं टोपलीतली पातेली सारखी केली. “एक ही छोरो, भूपेंद्र. बाहर कंप्यूटर को काम करे बोले. माँ की तेरहवीं पे भी नी आयो.”

“आता? आता कुठं आहे तो?”

“म्हने कंई मालूम,” जमुनाबाईनं हात झटकले. “पर इस फेरे में उस घर को तालो खुल्यो थो. अंदर कुण है, देख्यो नी. ये डब्बा लोगी? ढक्कन पे चमक देखो.”

शिवांगीनं डबा घेतला. वर येताना तिला उगाच हलकं वाटत होतं. कुणी आलं असेल. झाडलोट केली असेल, दिवा लावला असेल. जमुनाबाईचं बोलणं तिनं अजेयला सांगितलं नाही. तो हसला असता, आणि या गोष्टीवर कुणी हसलेलं तिला चाललं नसतं.

ती गोधडी तिनं विकली नाही. लाल रफूचा तुकडा मधोमध लावला, आणि त्याच्या भोवतीचे टाके शिवताना कधी कधी तिला वाटे की काल इथवर आपण आलो नव्हतो. वाटे, आणि ती पुढं शिवत राही. भीती वाटत नव्हती. घरात कुणी वडीलधारं माणूस मुक्कामाला असलं की दुपारी जसं निवांत वाटतं, तसं वाटे. कधी त्या घराचा कुणी आलाच, तर गोधडी त्याच्या हातात द्यायची, असंही तिनं मनाशी ठरवलं होतं. तोवर ती रेवाची.

इंदूरचं ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी पट्टी कायमची काढली त्या दिवशी रेवानं बसच्या खिडकीतून दिसेल ती पाटी, दिसेल ती म्हैस दोन्ही डोळ्यांनी बघून घेतली आणि प्रत्येकीची खबर आईला दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिवांगी तिला थोपटत होती. पिवळी गोधडी रेवानं हनुवटीपर्यंत ओढून घेतली होती. डोळे जड झाले, मिटत आले. मग मध्येच ते उघडले, दोन्ही सरळ, आणि आईच्या खांद्यावरून मागच्या खुर्चीकडे बघत राहिले. कुणीतरी बोलत असावं आणि आपण मध्ये बोलू नये, अशी ती थांबली. मग तिनं मान डोलावली.

“आई,” ती म्हणाली, “आजी विचारतेय, भूपू जेवला का?”