दुसरी किल्ली

बस चुकली होती, सँडलमध्ये खडा शिरला होता आणि आधाराला जवळपास काहीच नव्हतं. म्हणून ती समोर उभ्या असलेल्या लांबलचक हिरव्या गाडीच्या बॉनेटवर खुशाल टेकली. तेवढ्यात वरच्या खिडकीतून आवाज आला.

"आवडली का?"

तिने मान वर केली. खिडकीत एक तरुण उभा होता. हातात दाढीचा ब्रश, अर्धा गाल फेसाने पांढरा. असल्या आगाऊ माणसांना सरळ कसं करायचं, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"कोण आवडली?"

"गाडी हो, गाडी!" तो पार गडबडला. "काचेवर कागद लावलाय ना..."

खरंच लावला होता. 'विकणे आहे'. आता गडबडायची पाळी तिची होती.

ती जनावरांची डॉक्टर. समोरच्याच दवाखान्यात नुकतीच रुजू झालेली. रोज दुपारी डोंगरापलीकडच्या गोठ्यांवर जायचं, म्हणजे औषधांची जड पेटी आणि तो उभा चढ. बस पायथ्याशी सोडायची आणि पुढे पायपीट. तिला गाडी हवी होती, आणि हातात पैसे होते ते एखाद्या बऱ्या स्कूटरपुरते.

"माझ्या काकांची आहे," फेस पुसून खाली आलेला तो सांगू लागला. त्याचं खाली चष्म्यांचं दुकान होतं, सगळे त्याला चष्मेवालाच म्हणत. "त्यांचे गुडघे गेले आणि ही माझ्या गळ्यात पडली. सहा सिलिंडरचं इंजिन आहे. पेट्रोल पीत नाही, ढोसते. म्हणून तर इतकी स्वस्त! ऑइल मोजायची काडी तुटलीय, नवी मिळत नाही. दर रविवारी अर्धी बाटली ऑइल टाकायचं, की झालं. आणि... दुसरी किल्ली हरवलीय."

"विकताय की घाबरवताय?"

"खरं तेच सांगितलेलं बरं," तो म्हणाला आणि का कोण जाणे, कानापर्यंत लाल झाला.

गाडी चालवून बघताना चढावर तिने अ‍ॅक्सिलरेटर दाबला मात्र, गाडीने खालच्या आवाजात एक हुंकार भरला आणि अशी निघाली की ती मोठ्याने हसलीच. शेजारी बसलेला चष्मेवाला रस्त्याकडे बघतच नव्हता. ते तिने आरशात पाहिलं... आणि न पाहिल्यासारखं केलं.

घरी अर्थातच रामायण झालं. "एकटी मुलगी आणि सहा सिलिंडर?" मामांनी कपाळाला हात लावला. जन्मभर बस चालवलेले मामा म्हणजे गाड्यांच्या बाबतीत घरातलं सर्वोच्च न्यायालय. "पांढरा हत्ती आणलास, बये. बिघडली की मला सांगू नकोस."

पण गाडी बिघडेना. सकाळी दवाखान्याच्या आवारात उभी राहायची, दुपारी पेटीसकट डोंगर चढायची. ती दर रविवारी न चुकता अर्धी बाटली ऑइल टाकायची. संध्याकाळी ती परतली की चष्मेवाला हटकून दुकानाच्या पायरीवर असायचा.

"काय म्हणते आमची गाडी?"

"तुमची? पैसे मोजलेत मी."

"बरं, तुमची. आमची फक्त चौकशी."

मग चौकशीबरोबर चहा येऊ लागला. एकदा भुरभुर पाऊस लागला, तर दोघं गाडीतच बसून राहिली. काचा धुरकटल्या. त्याने तिचा चष्मा मागून घेतला, रुमालाने पुसला, आणि स्वतःच्या हाताने तिच्या नाकावर ठेवला. तिला रात्री झोप लागली नाही.

आणि मग एका दुपारी, चढाच्या ऐन मध्यावर, गाडी धापा टाकू लागली. मागे निळ्या धुराचा लोट. कशीबशी वळवून तिने ती घरी आणली.

मामांनी धुराचा वास घेतला. "इंजिन गेलं. ऑइल जळतंय. उघडायचं म्हटलं तर नवी गाडी येईल तेवढ्यात. त्याला ठाऊक असणार गं, म्हणून तर मातीमोल दिली. फसवलं तुला."

ते शेवटचंच तिला जास्त लागलं. गाडी जाईल तर जाईल, बसचे धक्के खाऊ... पण तो कानापर्यंत लाल झालेला माणूस खोटा होता? तो पुसलेला चष्मा, तो चहा, सगळं आपलं बिंग फुटू नये म्हणून? तिला गाडीपेक्षा त्याचंच रडू आलं.

दुसऱ्या दिवशी ती तशीच धूर सोडणारी गाडी घेऊन दुकानासमोर आली आणि तरातरा आत शिरली. एक आजी डोळे तपासायला बसल्या होत्या.

"फसवलंत तुम्ही मला! इंजिन संपलेलं होतं. माहीत होतं ना तुम्हाला?"

त्याचा चेहरा उतरला. "शप्पथ नाही. काय होतंय तिला?"

"धूर! निळा धूर! मामा म्हणाले ऑइल जळतंय."

"जरा मोठ्याने भांडा," आजी म्हणाल्या. "मला ऐकू कमी येतं."

"पण ऑइल कमी पडणं शक्यच नाही," तो पुटपुटला. "मी दर सोमवारी न चुकता..."

त्याने जीभ चावली. ती एक पाऊल पुढे आली.

"दर सोमवारी काय?"

"...अर्धी बाटली टाकतो. तुम्ही दवाखान्यात असता तेव्हा. सुरुवातीला तुम्हाला इतकी धावपळ करताना बघितलं, म्हटलं विसरत असाल. गाडी बंद पडली चढावर, तर मीच विकलेली ना..."

"अहो, मी दर रविवारी टाकते! तुम्हीच सांगितलं होतंत!"

आजींनी बोटांवर हिशेब केला.

"म्हणजे दुप्पट झालं की ते," आजींनी निकाल दिला.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने खालचा नट सोडला. काळं ऑइल पडत राहिलं, पडतच राहिलं. एक घमेलं भरलं, त्याने हसत दुसरं सरकवलं. "ताई, हिला पाजत होता की पोहायला शिकवत होता? जास्तीचं ऑइलच जळत होतं, इंजिन ठणठणीत आहे." मग मापाने नवं भरलं. "लावा आता."

तिने श्वास रोखून किल्ली फिरवली. धूर आला... थोडा आला, विरळ झाला, थांबला. आणि इंजिनाने तोच जुना, खालच्या आवाजातला हुंकार भरला. तिच्या छातीवरचा धोंडाच उतरला. स्टिअरिंगवर डोकं टेकून ती हसत सुटली, डोळे पुसत हसत राहिली. त्याने फसवलं नव्हतं. उलट, वेड्यासारखी काळजी केली होती.

मग तिच्या काहीतरी लक्षात आलं.

"एक मिनिट. बॉनेटचा खटका गाडीच्या आत आहे. तुम्ही दार कसं उघडत होता?"

चष्मेवाला पुन्हा कानापर्यंत लाल झाला. त्याने शर्टाच्या खिशातून किल्ली काढून तिच्यापुढे धरली.

"हरवली होती ना ही?"

"एवढं एकच खोटं बोललो. त्या दिवशी गाडी जाणार होती, तुम्हीही जाणार होता... काहीतरी आपल्याकडे राहावं असं वाटलं. चुकलंच माझं. घ्या."

"न विचारता कुणाची गाडी उघडतात का?" तिने किल्ली घेतली.

"नाही."

"पुन्हा?"

"कधीच नाही." तो खाली बघत होता. "पण डॉक्टर... मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवशी खिडकीतून विचारलं, तेव्हाच खरं तर मी गाडीकडे बघत नव्हतो."

इंजिन संथ चालू होतं. तिने खिडकीतून हात बाहेर काढला आणि किल्ली त्याच्या खिशात परत टाकली.

"ऑइल रविवारी मी टाकेन. तू नुसता शेजारी बसायचंस." तोंडातून 'तू' कधी निघालं, तिलाही कळलं नाही. "चल, बस. गोठ्यांवर उशीर होतोय. आणि ती किल्ली आता खरंच हरवू नकोस."